कुलूपबाई

"पडदा काळाच आहे!" ऑपरेशन थिएटरमधून सर्जन फोनवर ओरडले. "पेशंट टेबलावर आहे. स्कॅन दिसल्याशिवाय मी कवटी उघडू कुठून?"

हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर जिच्या ताब्यात, तिला नर्सेस पाठीमागे कुलूपबाई म्हणत. दोन जिने चढून ती थिएटरबाहेरच्या कॉम्प्युटरपाशी आली, तर सुपरिटेंडेंट तिथे घामाघूम होऊन उभे. स्कॅन दाखवणारं नवं सॉफ्टवेअर सकाळीच बसवलं होतं. शेजारी स्पीकरवर टाकलेल्या फोनवर कंपनीचा माणूस होता.

"सोपं आहे मॅडम," तो म्हणाला. "तुमच्या सिस्टिमची सिक्युरिटी आमच्या प्रोग्रामला अडवतेय. बंद करून टाका ती."

"ऐकलंत ना? करा बंद," सुपरिटेंडेंट म्हणाले. "जबाबदारी माझी."

"दार अडलं म्हणून कुणी भिंत पाडत नाही, साहेब. दोन मिनिटं द्या."

"अहो, माणूस जाईल तिकडे!"

"म्हणूनच मला काम करू द्या."

सिस्टिमने काय काय नाकारलं, त्याची यादी तिने उघडली. प्रोग्राम प्रत्येक चित्र आधी सिस्टिमच्या मुख्य फोल्डरात उतरवू पाहत होता. तिथे कुणालाही काही ठेवू द्यायचं नाही, हा नियम तिनेच घातलेला. कंपनीने जागा परस्पर ठरवून पाठवली होती, आणि ती बदलता येते हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने एक वेगळा फोल्डर केला, तेवढ्यालाच परवानगी दिली आणि प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता भरला. प्रोग्राम बंद केला. पुन्हा चालू केला.

"आलं!" आतून सर्जनचा आवाज आला, आणि लगेच शांत झाला. "डाव्या बाजूला रक्त साकळलंय. सुरू करतोय."

सुपरिटेंडेंटनी रुमालाने घाम पुसला.

"कमाल केलीत मॅडम," कंपनीचा माणूस मोकळं हसला. "आम्ही तर सगळ्यांना सिक्युरिटी बंदच करायला सांगतो."

कुलूपबाईचा हात माऊसवर थबकला.

"सगळ्यांना म्हणजे? किती हॉस्पिटलं?"

"बरीच आहेत," तो चाचरत म्हणाला.

तिने खुर्ची ओढली, कोरा कागद पुढ्यात घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"सांगा," ती म्हणाली. "एकेक नाव."