घरातली माणसं

सार्वजनिक आरोग्यात पुढे शिकायचं तर घरोघर जाऊन पाहणी करता यायला हवी, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली लेक सुट्टीत आईवरच सराव करत होती. कॉलेजच्या मॅडमनी बजावलं होतं, प्रश्न जसाच्या तसा विचारायचा, उत्तर आपण सुचवायचं नाही.

"घरात किती माणसं राहतात?"

"तीन," भाजी चिरता चिरता आई म्हणाली.

"नीट सांग ना, आई. सहा महिन्यांत जो इथे झोपलाच नाही, तो धरायचा नाही."

"अगं, तुझा दादा परगावी राहत असला तरी त्याचं पांघरूण मी अजून उन्हात घालते."

"पांघरुणं नाही गं, माणसं मोजायची आहेत!"

"बरं बाई, दोन लिही."

लेकीने दोन लिहिलं. आईचा विळीवरचा हात थांबला.

"तुला तिकडे लांब प्रवेश मिळाला, आणि पुढच्या वर्षी तुझ्यासारखी कुणी विचारायला आली, तर मग एक सांगायचं ना गं?"

पुढचा प्रश्न समोरच होता, पण लेकीला तो वाचता येईना. शेवटी तिने उत्तर सुचवूनच टाकलं.

"तीनच सांग."