हत्यारांना सुट्टी

"आज यांना कोणी हात लावायचा नाही," हॉस्पिटलच्या सहाही लिनक्स सर्व्हरना झेंडूचे हार घालून विदुलाताई म्हणाल्या. खंडेनवमी होती.

"ताई, नवा व्हायरस आलाय! अँटिव्हायरसच्या फाइल्स आजच अपडेट व्हायला हव्यात," नव्याने लागलेली मृण्मयी काकुळतीला आली. "एकच कमांड देते."

"उद्या. आज हत्यारांना सुट्टी."

तेवढ्यात मुख्य कार्यालयातून साहेबांचा फोन आला. ताईंनी बोलणी खायची तयारी केली.

"शाबास! पहाटेच सहाही सर्व्हर अपडेट? बाकीच्या शाखा अजून झोपल्यात."

रोज पहाटे अपडेट आपोआप व्हावं, अशी सोय ताईंनीच कधीतरी करून ठेवली होती आणि त्या ती साफ विसरल्या होत्या.

सणाची रजा मोडून आलेल्या ताईंनी हार घातलेल्या सर्व्हरकडे बघत कपाळावर हात मारला. "आजसुद्धा काम? अगदी माझ्यावर गेलात रे!"