पुरलेला पाय

गावच्या रीतीप्रमाणे वुकाशिनचा कापलेला डावा पाय तीन वर्षांपूर्वीच दफनभूमीतल्या त्याच्या जागेत पुरला होता. आज तिथंच, पायाच्या पेटीला लागून, त्याची बायको देसांका निजली.

"जन्मभर माझ्याच पायावर आपले गार तळवे शेकले तिनं. आता सोय झाली," तो म्हणाला.

"दाजी, आज तरी थट्टा नको," मेव्हणा कळवळला.

दुखवट्याची राकिया दारू पिऊन सगळे गेले. वुकाशिन स्वयंपाकघरात एकटाच बसला होता, तेवढ्यात त्याचं नसलेलं पाऊल खाजू लागलं. त्याला नवल वाटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतंच, "बाबा, पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा शाबूत असते. तुटलेल्या नसा तिथं खोटे निरोप धाडतात."

मग त्या पावलावर दोन तळवे टेकले. बर्फासारखे.

"अगं, किती गार!" सवयीनं तो बोलून गेला.

तळवे झटकन मागे झाले.

स्वयंपाकघर एकदम फार मोठं वाटू लागलं. "तसं नव्हे गं," तो काकुळतीला आला. "ठेव. ठेव ना."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग टेबलाखाली, त्याच्या धडधाकट उजव्या पायावर, ते अलगद टेकले.