शर्वाणीने आणलेली गौर

गौरीचा मुखवटा घेऊन शर्वाणीने उंबरा ओलांडला. सेरेब्रल पाल्सीने जखडलेल्या तिच्या पायांवरचे यंत्र जमिनीवरच्या खुणा पाहून पाऊल टाके. कुंकवाची इवली पावले त्याला सरावातल्याच खुणा वाटली. त्या जवळजवळच्या पावलांवर यंत्र नेमके पाय ठेवू लागले, तशी ती अडखळली.

"मुखवटा माझ्याकडे दे गं," काकू घाबरली.

"हात लावू नकोस!" आजी कडाडल्या. "शर्वाणी, यंत्राला काय कळतंय गौरीचं? बंद कर ते. गौर तू आणायचीस."

तिने यंत्र बंद केले. वर्षभर सराव केलेले पाय आधी हललेच नाहीत. मग एक उचलला गेला, पाठोपाठ दुसराही.

"गौर कशाच्या पावलांनी आली?" आजींनी रीतीप्रमाणे विचारले.

"सोन्याच्या" हे ठरलेले उत्तर बायकांच्या ओठांवर येण्याआधीच शर्वाणी ओरडली, "माझ्या!"