राख आली का?

मी आता अमेरिकेतच राहणार, असं सांगितलं त्या दिवसापासून बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. फक्त हवाईत ज्वालामुखी फुटला की नागपूरहून त्यांचा फोन यायचा. म्हणून प्रत्येक वेळी मी कुठे होतो, ते मला पक्कं आठवतं. एकदा डेंटिस्टच्या खुर्चीत होतो, एकदा ग्रोसरीच्या लायनीत, एकदा तर चालू मीटिंगमधून उठून बाहेर गेलो होतो.

"ऋषी, बातम्यांत बघितलं. राख तुझ्याकडे आली का?"

"नाही बाबा. खिडक्या बंद करून घेतल्यात."

"बरं. जेवलास?"

एवढंच बोलून फोन ठेवायचे.

दिवाळीत बाबा गेले. आज ज्वालामुखी पुन्हा फुटला, तेव्हा मी ड्राइव्हवेतला बर्फ काढत होतो. हातमोजे काढले आणि बोटं बधिर होईपर्यंत फोन हातात धरून उभा राहिलो.

हवाई माझ्या ईडन प्रेरीपासून सहा हजार किलोमीटर लांब आहे, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

 

बाबांनी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता.