वरून बघितलं की

अजिनाथची एका कोयत्याला धार लावून झाली होती. दुसरा त्याने दगडावर घेतला आणि तसाच धरून ठेवला. त्याच्या मुठीला हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. त्याच्या बायकोने, लंकाबाईने, स्वतः गुंडाळलेली.

दारात त्याची पोरगी रोहिणी मोबाईल आडवा धरून बसली होती. पाथर्डीचं तिचं कॉलेज दिवाळीनंतर उघडायचं होतं. ऊसतोडीची टोळी त्याच्या आधीच निघणार होती. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. लंकाबाई उन्हाळ्यात वारली. मुकादम बिभीषण काल म्हणून गेला होता, "पोरगी हाय की जोडीला. बघ, अन् उद्या सांग." त्यावर बापलेक एकमेकांशी अजून काही बोलले नव्हते.

"काय चाललंय?" अजिनाथने विचारलं.

"लढाई." तिने मोबाईल त्याच्याकडे वळवला. उंच झाडावरून खाली बघावं तसं दिसत होतं. एक अरुंद खिंड. तिच्यात चार हिरवी रिंगणं, समोर एक लाल.

"ही आपली टोळी," रोहिणी म्हणाली. "हा ढालवाला पुढं. हे दोघं बाण मारतात. ही मागं राहून सगळ्यांच्या जखमा बऱ्या करते. एकेकाची पाळी येते. मी सांगते तसं वागतात."

"म्हंजी तू मुकादम."

"तसंच." ती हसली नाही.

लाल रिंगण सरकलं. ढालवाला आडवा पडला. त्याचं रिंगण विझलं. रोहिणीचं बोट थांबलं.

"थांबलीस का? त्या मागच्या पोरीला घाल की पुढं."

"ती लढायची नाही, आप्पा."

"उभीच तर हाय. मानूस गेलं की जागा भरावीच लागती. तोंडाकडं बघत बसून कसं चालंल?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. रोहिणीने वर पाहिलं नाही. तिने मागचं रिंगण पुढच्या जागी नेऊन ठेवलं. पडलेल्याची ढालही तिला दिली. वरून बघताना सगळं ठीक होतं. खिंड बुजली होती. एक हिरवं, समोर एक लाल, दोन्ही रिंगणं सारखीच.

मग रोहिणीने पडद्यावर दोन बोटं फाकवली. कॅमेरा खाली उतरत उतरत त्या पोरीच्या पाठीशी येऊन थांबला. पाठीवर वेणी होती. ढाल जमिनीला टेकली होती, तिला ती उचलत नव्हती. समोरच्याचं डोकं पडद्यात मावतच नव्हतं. त्याचे नुसते गुडघे दिसत होते.

अजिनाथ कोयता खाली ठेवून वाकला. "मघाशी तर बरोबरीचे दिसत हुते."

"वरून बरोबरीचेच दिसतात."

"तिचं तोंड दिसत न्हाई व्हय?"

"नाही. खेळणाऱ्याला पाठच दिसते."

तो त्या पाठीकडे बघत राहिला. उभ्या जागी ती दमल्यासारखी श्वास घेत होती. खांदे वर जात होते, खाली येत होते.

"माघारी घे तिला."

"मग हा डाव जातो."

"जाऊ दे. घे माघारी."

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली. बिभीषण गाडीवरूनच ओरडला, "काय अजिनाथराव, ठरलं का न्हाई? का अजून सुतकातच हायेस? बैल बघाया घोडेगावला निघालोय, चटकन सांग. कोयता पुरा धरू ना?"

"अर्धा धर."

"अर्धा? आरं, तोडशील येकटा. पर मोळी उचलून डोक्यावर कोन दील तुझ्या?"

बिभीषणने दारातल्या रोहिणीकडे बघितलं, मान हलवली आणि तो किक मारून निघून गेला.

अजिनाथने चिंधीचा कोयता उचलला. लंकाबाई खोचायची तिथेच, वळचणीला, खोचला. खोचून झाला तरी त्याचा हात तिथेच राहिला.

रोहिणीने मोबाईल पालथा ठेवला. दारातून तिला त्याची पाठच दिसत होती.