बिनगोंदाचा पूल

"चमचा, रुमाल, घोडा, खिडकी, शिडी," डॉक्टर म्हणाले. "हे पाच शब्द लक्षात ठेवा हं, आजी. शेवटी विचारणार आहे मी."

"आजी मी नातवाची," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाई म्हणा. ऑफिसात चौतीस वर्षं सगळे बाईच म्हणायचे."

डॉक्टर तरुण होते, हसले. त्यांना स्वयंपाकघरातली खुर्ची आणून दिली होती, कारण सोफा पार भिंतीला सरकवलेला आणि हॉलच्या मधोमध जमिनीवर पूल. प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा. पोरं एकावर एक दाबून बसवतात ना, तेच ठोकळे. दोन हात लांब, वीतभर उंच, तीन कमानी. एका बाजूचा कठडा अजून व्हायचा होता. बाईंचा मुलगा आत येतानाच एका सुट्या ठोकळ्यावर पाय देऊन कळवळला होता, आणि अजून तळवा चोळत सोफ्यावर बसला होता.

शेजारणीनं त्याला फोन केला होता. "तुमच्या आई दिवसभर खेळत बसतात हो." बस्स, एवढ्यावर त्यानं डॉक्टर गाठला. सत्तरीतली बाई दिवसभर टीव्हीपुढे बसली असती तर कुणी डॉक्टर आणला नसता. मुलाच्या घरी मागची खोली रिकामी करून पडदेसुद्धा लावून झाले होते. डॉक्टरांच्या फॉर्मवर शेवटी दोनच चौकोन होते : एकट्या राहू शकतात, एकट्या राहू शकत नाहीत. दुसऱ्यात खूण पडली की हे घर बंद. ठोकळे नातवाला. असं ठरलं होतं म्हणे. बाईंना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

डॉक्टरांनी कोरा कागद पुढे केला. "एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं."

"स्केल काय घेऊ?"

"अं?"

"माप हो. केवढं काढू?"

"कसंही काढा."

"कसंही काढायची सवय नाही मला," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन्सिलीचं टोक बघितलं, नाक मुरडलं आणि एका दमात गोल काढला. परकारनं काढावा तसा. बारा आकडे जागच्या जागी. तासकाटा अकराच्या किंचित पुढे, जेवढा दहा मिनिटांत सरकतो तेवढाच. डॉक्टरांनी नकळत स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"पुलांच्या ऑफिसात होते मी. नकाशे काढायला," बाई म्हणाल्या. "रेघा माझ्या, सह्या साहेबांच्या."

डॉक्टर वाकून पूल बघायला लागले. एका खांबावर पांढऱ्यात काळे ठोकळे बसवून एकच अक्षर काढलेलं होतं. बाईंच्या नावातलं पहिलं.

"हात नका लावू डॉक्टर," मुलगा घाईनं म्हणाला. "गोंदसुद्धा लावलेला नाही तिनं. लगेच ढासळायचं सगळं."

"कोण म्हणालं?"

"आई, अगं खेळणं आहे ते."

"गोंद लावतात ज्यांना मांडणी जमत नाही ते," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता, आणि तो चढू द्यायचा असं त्यांनीच ठरवलं होतं. "मी प्रत्येक ठोकळा दुसऱ्याच्या सांध्यावर बसवलाय. तीनदा मोडून बांधलाय. पहिल्या वेळी चुकले, दुसऱ्या वेळी कंटाळले, तिसऱ्या वेळी जमलं. खेळणं म्हणे!"

त्यांनी घरातल्या सपाता काढून शेजारी शेजारी ठेवल्या. कुणाला काही कळायच्या आत उजवं पाऊल मधल्या कमानीवर.

"आई! अगं, वेड लागलंय का? हाड मोडून घेशील!"

डावं पाऊलही वर गेलं. आत कुठेतरी कट्‌ असा बारीक आवाज झाला. मुलगा दोन्ही हात पसरून धावला.

"लांब हो," बाई म्हणाल्या. "तू धरलंस तर म्हणशील, मी धरलं म्हणून टिकला."

मुलगा हात तसेच पसरून थांबला. पूल हलला नाही. ठोकळ्यांच्या वरच्या गुंड्या तळव्यांना टोचत असणार, पण बाईंच्या तोंडावर तसं काही दिसत नव्हतं. कित्येक वर्षांनी त्या पुन्हा मुलापेक्षा उंच झाल्या होत्या.

"हं, विचारा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"काय?"

"अहो, पाच शब्द. शेवटी विचारणार होतात ना?"

डॉक्टर ओशाळले. फॉर्म चाळायला लागले.

"राहू द्या, शोधू नका. चमचा, रुमाल, घोडा, खिडकी, शिडी." मग त्या मुलाकडे वळल्या. "तूपण ऐकत होतास की. तू सांग बघू."

"आई, काय पोरखेळ चाललाय!"

"सांग. आत्ता तर म्हटले मी."

मुलानं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरही आता त्याच्याकडेच बघत होते, पेन उघडं धरून.

"चमचा," तो म्हणाला. "रुमाल. खिडकी... शिडी..." त्यानं डोकं खाजवलं. छताकडे पाहिलं. खाली पाहिलं.

"घोडा," बाई पुलावरूनच म्हणाल्या. "डॉक्टर, ह्याचाही एक फॉर्म भरा. एकटं सोडायला नको ह्याला."